इंटरव्हलनंतरची एन्ट्री

'अशी ही बनवाबनवी' पाहिला नाही असा माणूस तुमच्या ऑफिसात शोधून दाखवा. एचआरच्या मॅडमपासून सिक्युरिटीच्या काकांपर्यंत सगळ्यांना तो तोंडपाठ. धनंजय मानेंचे मीम्स टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठवड्यातून दोनदा तरी पडतातच. पिक्चर आला १९८८ साली. म्हणजे हा कॉलम वाचणाऱ्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरी त्यातली भाषा अगदी कालची वाटते.

आता एक छोटीशी क्विझ. हा सिनेमा लिहिणाऱ्या माणसाचं तेव्हा वय काय असेल? पंचवीस? तीस? लेखकाचं नाव वसंत सबनीस, जन्म ६ डिसेंबर १९२३, सोलापूर. करा हिशोब.

चौसष्ट, बॉस!

सबनीसांनी दादा कोंडक्यांसाठी 'सोंगाड्या' लिहिला तो १९७१ साली. तेव्हाही ते ४७ वर्षांचे होते. ज्या वयात आपल्या ऑफिसातली मंडळी पीएफचा आकडा बघून रिटायरमेंटची स्वप्नं बघायला लागतात, त्या वयात हा गृहस्थ सिनेमात शिरत होता.

हे सगळं आज काढायचं कारण म्हणजे एक प्रश्न. गेल्या वर्षभरात तो मला इतक्या जणांनी विचारलाय की आता पाठ झालाय. विचारणारा साधारण पस्तिशीचा असतो. आयटी, बँक किंवा इन्शुरन्समधला. डोक्यावर होम लोन, घरात एक शाळकरी पोर. दोन कॉफ्या झाल्या की आवाज खाली आणून तो म्हणतो, "यार, डोक्यात एक स्टोरी आहे. सिनेमाच होईल त्याचा. पण आता या वयात पटकथा शिकायला गेलो तर लोक हसतील ना?"

लोक हसतील की नाही ते माहीत नाही. पण या लायनीत उशिरा आलेल्यांची यादी बघितली तर मात्र आपण नक्की हसू, आणि तेही स्वतःच्या टेन्शनवर.

बेचाळिसाव्या वर्षी पहिला शॉट

यादीत माझं सगळ्यात आवडतं नाव सुमित्रा भावे. जन्म पुण्यातला, १२ जानेवारी १९४३ चा. शिक्षण राज्यशास्त्र आणि समाजशास्त्राचं. कर्वे समाजसेवा संस्थेत त्या शिकवायच्या, वस्त्यांमध्ये जाऊन बायकांशी बोलायच्या, संशोधन करायच्या. फिल्म स्कूलमध्ये त्या कधी शिकल्या नाहीत. आपण पुढे सिनेमे काढणार आहोत असं त्यांच्या बायोडेटात कुठे दिसत नव्हतं.

मग सिनेमा आला कुठून? त्यांच्या कामातूनच. ज्या बायकांच्या आयुष्यावर अभ्यास चाललाय, त्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नाही. त्यांच्यावरचा जाडजूड रिपोर्ट त्यांच्या काय कामाचा? तो कपाटात जाणार. या बायकांपर्यंत त्यांचीच गोष्ट परत न्यायची तर ती डोळ्यांना दिसायला हवी, कानांना ऐकू यायला हवी. म्हणून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला. तेव्हा भावे ४२ वर्षांच्या होत्या. 'बाई'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

इथे जरा थांबा. त्यांनी आधी 'मला फिल्ममेकर व्हायचंय' असं ठरवून मग विषय शोधला नाही. सांगायचं काहीतरी आधी होतं, आणि ते सांगायला सिनेमा हेच माध्यम लागणार हे नंतर कळलं. उशिरा सुरुवात करणाऱ्याकडे हा मोठा फायदा असतो. बावीस वर्षांच्या पोराला कॅमेरा येतो, एडिटिंग येतं, सगळी सॉफ्टवेअर येतात. फक्त 'कशावर?' या प्रश्नाशी तो अडतो. चाळिशीतल्या माणसाचं नेमकं उलटं.

तांत्रिक बाजू येत नाही म्हणून भावे अडून बसल्या नाहीत. सुनील सुकथनकर त्यांच्यापेक्षा वयानं कितीतरी लहान, एफटीआयआयमध्ये शिकलेले. दोघांची जोडी जमली आणि तीसेक वर्षं टिकली. पहिला मोठा सिनेमा 'दोघी' १९९५ साली आला, म्हणजे भावे ५२ वर्षांच्या असताना. पुढे 'दहावी फ', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'नितळ'. विसरत चाललेल्या म्हाताऱ्या संस्कृत पंडिताची गोष्ट सांगणाऱ्या 'अस्तु'साठी त्यांना संवादलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा वय ७१. २०१७ मध्ये 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ जाहीर झालं तेव्हा ७४. १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या, आणि त्यांचा 'दिठी' प्रेक्षकांसमोर आला तो त्यानंतर, मे महिन्यात.

थोडक्यात काय, पहिली फिल्म ४२ व्या वर्षी केली तरी पुढे साडेतीन दशकांचं करिअर उरलं होतं. आपल्यातले कितीजण एका कंपनीत साडेतीन वर्षं टिकतात?

पण हे सगळे खरंच 'फ्रेशर' होते का?

आता दुसरी बाजू. नाहीतर तुम्ही उद्याच राजीनामा टाइप कराल आणि घरचे माझ्या नावानं खडे फोडतील.

विजय तेंडुलकर घ्या. 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा सिनेमा १९७१ चा. तेंडुलकर जन्माला आले १९२८ मध्ये, म्हणजे तेव्हा ते ४३ वर्षांचे. त्यानंतर जो धडाका लागला तो बघाच. 'सामना', 'निशांत', 'मंथन', 'सिंहासन', 'आक्रोश', 'उंबरठा', 'अर्धसत्य'. 'मंथन'च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार. 'अर्धसत्य' आला तेव्हा तेंडुलकर ५५ वर्षांचे होते. 'लेट स्टार्ट'चं याहून भारी उदाहरण कुठलं?

फक्त एक बारीक गोष्ट आहे. त्रेचाळिसाव्या वर्षी ते पटकथेकडे आले तेव्हा त्यांच्या मागे कितीतरी नाटकं होती आणि वर्तमानपत्रातली नोकरी होती. रोज लिहायचं, रोज ऐकायचं, माणसं खोटं बोलताना कशी बोलतात ते टिपायचं. सबनीसांचंही तसंच. 'सोंगाड्या'च्या आधी त्यांनी 'विच्छा माझी पुरी करा' लिहून ते गावोगाव गाजवलं होतं. कुठे टाळी पडते आणि कुठे प्रेक्षक पान खायला उठतो, हे त्यांना शेकडो प्रयोगांनी शिकवलं होतं. भावेंकडे नाटक नव्हतं, पण वर्षानुवर्षं दुसऱ्याचं आयुष्य नीट ऐकून घ्यायची सवय होती.

म्हणजे सिनेमात ते उशिरा आले, पण तयारी आधीपासून दुसऱ्याच नावाखाली चालू होती.

तिकडे हॉलिवूडमध्येही हाच फंडा. रेमंड चँडलर हा तेल कंपनीतला बडा अधिकारी. १९३२ साली नोकरी गेली तेव्हा चाळिशी ओलांडलेला. मग त्यानं स्वस्तातल्या मासिकांसाठी गुन्हेगारी कथा लिहिल्या, पन्नाशीनंतर पहिली कादंबरी आली, आणि बिली वाइल्डरबरोबर 'डबल इन्डेम्निटी'ची पटकथा लिहिली तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. ऑस्कर नॉमिनेशन मिळालं. 'द किंग्ज स्पीच' लिहिणारा डेव्हिड सायडलर हॉलिवूडमध्ये पोचला चाळिशीत आणि २०११ साली ऑस्कर घेतलं ते ७३ व्या वर्षी. लहानपणी तो स्वतः अडखळत बोलायचा. अडखळणाऱ्या राजाची गोष्ट त्याच्या डोक्यात अनेक वर्षं होती. मधल्या काळात तो टीव्हीसाठी लिहीत राहिला.

म्हणून 'उशीर झाला का?' हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी 'गेली पंधरा वर्षं मी नकळत कसली प्रॅक्टिस करत होतो?' असं स्वतःला विचारा. कलेक्शनच्या कॉल्सवर बसलेल्या माणसानं हजार प्रकारच्या थापा ऐकलेल्या असतात. एचआरवालीनं राजीनामा देणाऱ्यांची खरी आणि सांगितलेली कारणं शेजारी शेजारी पाहिलेली असतात. कर्ज मंजूर करणाऱ्या बँकवाल्याला फॉर्म वाचून घराची गोष्ट कळते. हे सगळं संवादलेखनाचं रॉ मटेरियल आहे आणि ते कुठल्याच कोर्सला मिळत नाही.

ईट ते हिंजवडी

माझा एक मित्र आहे, भूम तालुक्यातल्या ईटचा. ईट माहीत नसेल तर नकाशा काढा: धाराशिव जिल्हा, बालाघाटाच्या डोंगरांचा पट्टा. भूम म्हटलं की लोकांना आठवतो खवा. गावोगावच्या भट्ट्यांवर दूध आटवायचं आणि तो खवा मोठ्या शहरांतल्या मिठाईवाल्यांकडे जायचा. आपण दिवाळीत जी बर्फी एकमेकांना फॉरवर्ड करतो, तिच्यात कुठेतरी त्या धुराचा वास असतो.

मित्र आता ३८ चा, हिंजवडीत टेस्टिंग लीड. त्याच्या डोक्यातली गोष्ट एका भट्टीवाल्या बाईची आहे. दुधाचा भाव, लाकडाचा भाव, व्यापाऱ्याची उधारी आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेला नवरा. गोष्ट सांगताना तो ईटची भाषा बोलायला लागतो. मीटिंगमधलं त्याचं इंग्लिश कुठल्या कुठे पळतं. आणि मग शेवटी तेच पालुपद, "पण आता काय राव, वय झालं."

त्याला मी शेजारच्याच मुलखाचं उदाहरण देते. भूम सोडलं की परंडा, परंडा ओलांडलं की सोलापूर जिल्ह्यातला करमाळा तालुका. त्यातलं जेऊर हे नागराज मंजुळेंचं गाव. ते पुण्यात मराठीत एमए झाले, मग नगरला मास कम्युनिकेशन. कविता आधीपासून होत्याच. 'पिस्तुल्या' ही छोटी फिल्म आली, 'फँड्री' २०१३ मध्ये महोत्सवात दाखवला गेला तेव्हा ते पस्तिशीत होते, आणि २०१६ मध्ये 'सैराट'नं काय केलं ते सांगायला नको. ज्या रस्त्यांवरून, ज्या विहिरींवरून आणि ज्या बोलीवरून मल्टिप्लेक्सचा पब्लिक वेडा झाला, ते सगळं त्या भागातल्या लोकांनी रोज पाहिलेलं होतं. लिहिलं मात्र एकानंच.

माझं म्हणणं एवढंच आहे. ईटची गोष्ट ईटच्या माणसानं लिहिली नाही, तर एक दिवस ती दुसरा कोणीतरी लिहील. दोन दिवस गाडी करून येईल, फोटो काढील आणि त्याच्या सिनेमातली भट्टीवाली बाई पुण्याच्या नाट्यशिबिरातल्या भाषेत बोलेल. मग थिएटरात बसून "असं नसतं रे आमच्याकडे" म्हणायला आपण मोकळे! वय झालं म्हणून गप्प बसण्याची किंमत फक्त तुमच्या करिअरला पडत नाही, ती त्या गोष्टीलाही पडते.

ओके, पण करायचं काय?

आता प्रॅक्टिकल बोलू. पहिली गोष्ट, नोकरी सोडू नका. निदान पहिली पटकथा पूर्ण होईपर्यंत तरी नाही. सिनेमात पैसा टप्प्याटप्प्यानं येतो, उशिरा येतो आणि कधीकधी येतच नाही. ईएमआयचं मात्र तसं नसतं, तो पाच तारखेला न चुकता येतो. हां, ऑफर लेटर काढून एकदा नीट वाचा. २०२२ मध्ये आयटीत 'मूनलायटिंग'वरून केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेलच. रात्री घरी बसून लिहिणं वेगळं आणि पगारी साइड जॉब वेगळा. तुमच्या करारात काय म्हटलंय ते आधीच माहीत असलेलं बरं.

दुसरी गोष्ट, शब्दांचा गोंधळ. मराठी श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद असे तीन वेगळे उल्लेख येतात, कारण ही तीन वेगळी कामं आहेत. कथा म्हणजे काय घडतं. पटकथा म्हणजे ते कुठल्या क्रमानं, कुठल्या जागी, कोणासमोर घडताना दिसतं. संवाद सगळ्यात शेवटी. नवखा माणूस नेमकी संवादांपासून सुरुवात करतो आणि पंधराव्या पानावर गाडी अडकते. आधी 'वन लाइन' लिहा: प्रत्येक सीनला एक-दोन ओळी, बास. अख्खा सिनेमा आठ-दहा पानांत उभा राहिला तर पुढे जा. साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट असा ढोबळ हिशोब असतो. तो डोक्यात ठेवला की दोनशे पानांचं महाकाव्य लिहायचा मोह आवरतो.

तिसरी गोष्ट, शिका. एफटीआयआय फक्त तीन वर्षं होस्टेलवर राहणाऱ्यांसाठी आहे हा गैरसमज काढून टाका. २०१७ पासून 'स्किफ्ट' नावाखाली त्यांनी देशभर छोटे कोर्स सुरू केले, त्यात पटकथेचेही असतात. आणि शिकायची फुकटातली पद्धत सांगू? आवडता सिनेमा लावा, रिमोट हातात घ्या आणि प्रत्येक सीनची एक ओळ लिहीत जा. कोणाला काय हवंय, आडवं काय येतं, सीन संपताना काय बदललं. एक रविवार जाईल. पण 'बनवाबनवी' कसा रचलाय ते हाताला कळेल.

चौथी, कागदपत्रं. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, ती कशी मांडली यावर मिळतो. म्हणून कॉफी शॉपमध्ये गोष्ट ऐकवत फिरण्याआधी ती लिहून काढा. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन स्क्रिप्ट तिथे ऑनलाइन रजिस्टर करता येते. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि सिनेमाच्या लेखकांना रॉयल्टीचा हक्क मिळाला, जो करारात लिहूनही सोडून देता येत नाही. कागदावरचा हक्क आणि खात्यात पडणारी रक्कम यांत अजून बरंच अंतर आहे हे खरं. पण समोरच्यानं करार पुढे सरकवला की तुम्हाला काय विचारायचं ते तरी माहीत असेल.

पाचवी, जोडीदार शोधा. भावेंना सुकथनकर भेटले तसे. तुमच्याकडे गोष्ट असेल तर कॅमेरा कळणारा, वयानं लहान, खिशानं फाटका आणि उत्साहानं फुल्ल असा कोणीतरी लागेल. तो तुम्हाला 'सर' म्हणेल. पहिल्याच दिवशी ते बंद करा. तुमच्या ऑफिसातल्या हुद्द्याचा इथे काडीचा उपयोग नाही आणि पंचवीस वर्षांचा पोरगा "हा सीन बोअर आहे" म्हणाला तर ते ऐकून घ्यावं लागेल. उशिरा येणाऱ्यांचा पाय मला वाटतं इथेच घसरतो. चाळिशीत नवं शिकणं जमतं. चाळिशीत ज्युनियर होणं जड जातं.

आणि मालिकांकडे नाक मुरडू नका. रोज एक एपिसोड पाडायचा म्हणजे लेखकांची टीम लागते आणि डेडलाइन पाळणारा माणूस तिथे सोन्याच्या भावानं विकला जातो. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला आलेला क्लायंटचा मेल झेलून सोमवारी डिलिव्हरी देणाऱ्यांना हे वेगळं सांगायला हवं का?

हिशोब रात्रींचा

सगळ्यात शेवटी वेळेचं गणित. रोज एक पान म्हटलं तर सिनेमाएवढा पहिला खर्डा चार-पाच महिन्यांत होतो. रोज जमणार नाही, मान्य. रिलीज असेल, पोराची परीक्षा असेल, गावाकडे कोणाचं तरी लग्न असेल. आठवड्याला दोन पानं धरा. तरी वर्षाच्या शेवटी हातात शंभर पानं असतील. त्यातली सत्तर फेकायच्या लायकीची निघतील, तीस राहतील. तीस पानं म्हणजे अर्धा तास. अर्ध्या तासाची शॉर्टफिल्म होते की!

वर्ष तर तसंही जाणारच आहे. पुढच्या अप्रेझलला तुम्ही एक वर्षानं मोठे झालेले असणार, लिहिलंत तरी आणि नाही लिहिलंत तरी.

ईटच्या त्या मित्रानं परवा मेसेज केला. त्याला बायकोच्या पात्रासाठी नाव सुचत नव्हतं. "आधी वन लाइन पूर्ण कर, नाव नंतर," असं मी कळवलं. त्यावर त्यानं फोटो पाठवला: वहीचं पान, वर सीन नंबर एक, खाली दोन ओळी. पहाटेची वेळ, भट्टी पेटवणारे हात, अजून चेहरा दिसत नाही.

वयाबद्दल या वेळी तो काही बोलला नाही. सीन नंबर दोन कधी येतोय, ते विचारलंय मी.